दहा बोटं, बारा वाटा

आधी उजव्या हाताचा अंगठा बघा. नखाचा बाहेरचा कोपरा, तर्जनीपासून लांब असलेला. त्याच्या खाली जेमतेम दोन मिलिमीटरवर एक बिंदू आहे, शाओशांग नावाचा. चिनी वैद्यकाच्या हिशेबानं तुमच्या फुफ्फुसांची वाट तिथे येऊन संपते. हो, फुफ्फुसांची, आणि अंगठ्याच्या नखापाशी! आता तर्जनी घ्या. नखाचा अंगठ्याकडचा कोपरा. तिथून मोठ्या आतड्याची वाट निघते. मधल्या बोटाच्या टोकाला हृदयाच्या आवरणाची वाट पोचते. अनामिकेच्या नखाशी, करंगळीच्या बाजूला, सानजिआवची वाट (ही काय भानगड आहे ते पुढे सांगते). आणि करंगळी तर दोघांची: अनामिकेकडच्या अंगाला हृदय, बाहेरच्या अंगाला लहान आतडं. एका हातावर सहा वाटा. दोन्ही हातांवर त्याच सहा, म्हणून मोजल्या तर बारा.

इतकी वर्षं याच हातांनी वह्या तपासल्या, पोळ्या लाटल्या, नातवंडांना न्हाऊ-माखू घातलं, आणि त्यांच्यावर असा अख्खा नकाशा आहे याची गंधवार्ता नव्हती! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आता कळलंय, तर गप्प बसवत नाही. बहिणीचा फोन आला की आधी हेच सांगते, भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच टाकते, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून हा लेख.

शांघायला लेकीकडे आलेय. तिच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर फूशिंग पार्क आहे. जुन्या फ्रेंच वसाहतीतली बाग, चिनारच्या जातीची उंच झाडं, आत मार्क्स आणि एंगल्स यांचा भव्य पुतळा. सकाळी तिथे नुसती झुंबड असते. कुणी ताई ची करतंय, कुणी जोडीनं नाचतंय, कुणी लांब दांड्याच्या कुंचल्यानं फरशीवर पाण्याची अक्षरं काढतंय. एका कोपऱ्यात काही बायका गोल उभ्या राहून हातावर हात आपटत होत्या. टाळ्या म्हणाव्या तर तशाही नाहीत. हाताची कड हाताच्या कडेवर, मनगट मनगटावर, मूठ तळव्यावर. फट्, फट्, फट्, सगळ्यांचा एकच ठेका. मी बघत उभी राहिले, तर त्यांतल्या एकीनं माझा हात धरून मला सरळ गोलात ओढलं.

त्या मावशी. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्य कापडगिरणीत गेलेलं, पाठ ताठ. त्यांना माझी भाषा येत नाही, मला त्यांची येत नाही. लेक सोबत असली की ती दुभाषी, नसली की मोबाइल. पण बिंदू शिकवायला भाषा लागते कुठे? मावशींचा अंगठा माझ्या हातावर फिरतो, एका जागी थांबतो, रुततो, आणि माझ्या तोंडून 'स्स्' निघालं की त्या मान डोलावतात. जागा बरोबर लागली! दुखरं, जड, भरून आल्यासारखं, थोडं बधिर असं जे काही त्या ठिकाणी जाणवतं, त्याला चिनी वैद्य फार महत्त्व देतात. सुई टोचतानाही ते याच जाणिवेची वाट बघतात. ती आली म्हणजे तिथली 'ची', म्हणजे या वाटांमधून वाहणारी शक्ती, जागी झाली.

त्या बायका करत होत्या तो हातांचा एक ठरलेला क्रम आहे, शिच्याओशौ नावाचा. तैवानात आणि चीनमध्येही घराघरांतले वडीलधारे लोक तो करतात. दहा क्रिया, आणि आपटण्याची प्रत्येक क्रिया ३६ वेळा. उभ्यानं करा, बसून करा, बसस्टॉपवर करा. तळहात जमिनीकडे करून दोन्ही हातांच्या तर्जनीकडच्या कडा एकमेकींवर आपटायच्या, की मोठ्या आतड्याची वाट हलली. मग तळहात आकाशाकडे, आणि करंगळीकडच्या कडा आपटायच्या. इथे लहान आतड्याची वाट, आणि तिच्यावरचा होउशी हा बिंदू. मूठ वळलीत की करंगळीखालची आडवी रेष जिथे हाताच्या कडेला संपते, तिथे तो सापडतो. जुन्या ग्रंथांनी या होउशीचा संबंध थेट पाठीच्या कण्यावरून जाणाऱ्या वाटेशी जोडलाय, म्हणून मान आखडली, पाठ धरली की चिनी माणसाचा हात आधी इकडे जातो. लेकीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी पोरं टेबलाच्या कडेवर हाताची ही बाजू पुढे-मागे घासत बसतात, हे तिनं मला सांगितलं तेव्हा मी थक्क झाले. दोन-सव्वादोन हजार वर्षांचं शास्त्र आणि ते चाललंय कीबोर्डच्या शेजारी!

पुढे मनगटांच्या आतल्या बाजू एकमेकींवर. तिथे दालिंग, हृदयावरणाच्या वाटेवरचा बिंदू. मग अंगठा आणि तर्जनी फाकवून दोन्ही हातांच्या बेचक्या एकमेकींत आपटायच्या, आणि त्यानंतर दहाही बोटं फाकवून बोटांच्या सांध्यांमधल्या खाचा एकमेकींत. ही क्रिया माझी सगळ्यांत आवडती. पहिल्या काही ठोक्यांत झिणझिण्या, नंतर ऊब, नंतर सबंध हात गुलाबी. पुढे डाव्या मुठीनं उजव्या तळव्याच्या मधोमध ठोके, मग हात बदलून. तळव्यातला हा बिंदू लाओगोंग. मूठ वळली की मधल्या बोटाचं टोक जिथे टेकतं तोच. मग हातांच्या मागच्या बाजू एकमेकींवर, तिथे मनगटापाशी यांगची. आणि शेवटी कान चोळायचे, तळवे एकमेकांवर घासून गरम करायचे आणि मिटल्या डोळ्यांवर ठेवायचे. संपलं! काही मिनिटांचा मामला. ना चटई, ना यंत्र, ना फी.

मावशींनी मला दोनदा थांबवलं आणि दोन्ही वेळा एकच खूण केली: खांदे खाली. हात आपटताना आपण नकळत खांदे उचलतो, दात आवळतो. त्यांच्या मते खांदे चढले की वाट खांद्यातच अडली, मग बोटांशी कितीही आपटा. आणि आवाज मोठा काढायची गरज नाही. ठोका खोल हवा, जोर नको.

आता यातलं गणित सांगते, कारण मला वेड लावलं ते या गणितानं. चिनी वैद्यकात मुख्य वाटा बारा. सहा हातांत, सहा पायांत. हातांतल्या सहापैकी तीन 'यिन' वाटा, फुफ्फुस, हृदयावरण आणि हृदय यांच्या, छातीकडून बोटांकडे येतात. उरलेल्या तीन 'यांग' वाटा, मोठं आतडं, सानजिआव आणि लहान आतडं यांच्या, बोटांकडून चेहऱ्याकडे आणि डोक्याकडे जातात. म्हणजे यिन संपून यांग सुरू होतं ते नेमकं कुठे? बोटांच्या टोकांवर! नखांच्या कोपऱ्यांशी बसलेले ते बिंदू म्हणजे बदलाची ठिकाणं. म्हणूनच बोटांची टोकं दाबणं, एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत पिळत ओढणं, नखांच्या दोन्ही बाजू चिमटीत धरणं, या क्रिया इथे इतक्या आवडीनं करतात.

आणि हा अवयवांचा जो मामला आहे, तो आपल्या शरीरशास्त्राच्या पुस्तकातला जसाच्या तसा नव्हे, हे समजलं तेव्हा तर माझा उत्साह दुप्पट झाला. चिनी वैद्यकातलं 'फुफ्फुस' म्हणजे श्वास, त्वचा, नाक, सर्दीशी दोन हात करण्याची ताकद आणि दुःख हे सगळं मिळून. 'यकृता'कडे राग, 'मूत्रपिंडां'कडे भीती, हाडं आणि कान, 'प्लीहे'कडे पचन आणि अतिविचार. 'हृदया'त मन राहतं, झोप राहते. आणि सानजिआव तर शरीर उघडून पाहिलं तरी सापडणार नाही. छाती, पोटाचा वरचा भाग आणि पोटाचा खालचा भाग या तीन मजल्यांवर ऊब आणि पाणी खेळतं ठेवणारी ती व्यवस्था. त्याला नाव आहे पण आकार नाही, असं नानजिंग या प्राचीन ग्रंथानंच म्हणून ठेवलंय. किती धाडसाचा विचार आहे हा! तेव्हा 'हृदयासाठी करंगळी दाबा' असं कुणी सांगितलं, तर त्याचा अर्थ हृदयाच्या झडपेचा दोष करंगळी दाबून जाईल असा घ्यायचा नाही. छातीत दुखलं, डावा हात भरून आला, तर कुठलाही बिंदू शोधत न बसता हॉस्पिटल गाठायचं. मावशी स्वतः रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतात आणि मग बागेत येतात.

तरी तीन बिंदू मी प्रत्येकाला शिकवत सुटलेय.

पहिला हेगू. अंगठा आणि तर्जनी जवळ आणली की मागच्या बाजूला मांसाचा जो उंचवटा येतो, साधारण त्याच्या माथ्यावर. आणखी नेमका हवा तर एका हाताच्या अंगठ्याच्या पेराची रेघ दुसऱ्या हाताच्या बेचक्यावर ठेवा आणि अंगठा दुमडा, टोक जिथे टेकेल तिथे. तर्जनीच्या हाडाकडे रोखून दाबायचं. चेहरा आणि तोंड हा या बिंदूचा प्रांत, असं चिनी वैद्यकाचे विद्यार्थी शेकडो वर्षं पाठ करत आलेत: डोकेदुखी, दातदुखी, चोंदलेलं नाक. मोठ्या आतड्याची वाट तर्जनीवरून निघून हातभर चढते, मानेवरून जाते आणि नाकाच्या पाळीशी संपते हे कळलं की हातावर दाबून तोंडाचा इलाज का करतात, ते लगेच उलगडतं. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवायची: गरोदर बाईनं हेगू दाबायचा नाही. परंपरेनं तो तिला वर्ज्य केलाय.

दुसरा शेनमेन. मनगटाच्या आडव्या रेघेवर, करंगळीच्या बाजूला, जिथे एक गोल हाडाचा उंचवटा लागतो त्याच्या आत, खळगीत. हा हृदयाच्या वाटेवरचा, म्हणजे मनाचा आणि झोपेचा. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं हळूहळू गोल फिरवत दाबायचा.

आणि तिसरा नेइग्वान! याच्यासाठी तर मी वेगळा लेख लिहीन. तळहात वर करा. मनगटाच्या रेघेवर दुसऱ्या हाताची तीन बोटं आडवी ठेवा, कोपराच्या दिशेनं. तिसऱ्या बोटाच्या कडेला, मधोमध दोन कंडरा ताठ उभ्या दिसतात, मूठ किंचित वळली की आणखी स्पष्ट. त्या दोघींच्या मध्ये अंगठा रोवा. मळमळ, उलटी, छातीतली धडधड यांच्यासाठी हा बिंदू. गाडी लागणाऱ्यांसाठी मनगटावर बांधायचे जे पट्टे मिळतात, आत प्लॅस्टिकचं बटण शिवलेले, ते बटण याच जागी बसतं. आंबोलीचा घाट म्हटला की ज्यांच्या पोटात आधीच ढवळायला लागतं, अशी दोन माणसं तरी प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांना ही जागा आजच दाखवून ठेवा.

नेइग्वानबद्दल इतक्या जोरात बोलायला आधारही आहे. शस्त्रक्रियेनंतर भूल उतरताना होणाऱ्या मळमळ-उलटीवर हा बिंदू कितपत कामी येतो, याचा कॉक्रेन या संस्थेनं २०१५ साली आढावा घेतला. ५९ चाचण्या, साडेसात हजारांहून अधिक रुग्ण. खोट्या, लुटुपुटीच्या उपचाराशी तुलना केली तर मळमळ आणि उलटी दोन्ही कमी, आणि नेहमीच्या उलटीविरोधी औषधांशी तुलना केली तर परिणाम जवळजवळ तोडीस तोड. मनगटावरच्या एका बोटभर जागेनं केवढं हे काम! वाटा म्हणून चिनी वैद्य ज्या सांगतात, त्या नळ्या किंवा तारा म्हणून शरीरात कुणाला दिसलेल्या नाहीत. सगळ्या बिंदूंच्या मागे असा भक्कम पुरावाही उभा नाही. पण या एका जागेनं मला पुढचं सगळं शिकायला भाग पाडलं.

या वाटांबद्दलची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हूनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगदुई नावाच्या टेकाडात हान काळातल्या थडग्यांचं उत्खनन झालं. त्यातलं तिसरं थडगं इसवीसनापूर्वी १६८मध्ये बंद झालेलं, आणि १९७३-७४मध्ये ते उघडलं. आत रेशमावर लिहिलेली पुस्तकं होती. त्यांत शरीरातल्या वाटांची वर्णनं आहेत, आणि वाटा आहेत अकरा. बारा नव्हे, अकरा! नसलेली कोणती? हातातली, मधल्या बोटाकडे येणारी, हृदयावरणाची. जिच्यावर नेइग्वान आहे, तीच! म्हणजे हा नकाशा आकाशातून तयार होऊन पडलेला नाही. माणसांनी तो पिढ्यान् पिढ्या हात चाचपत, दाबत, अनुभव जुळवत काढला, आणि ही वाट त्यात मागाहून उमटली. तिथेच एक रंगीत चित्रही मिळालं, ४४ माणसांचं: पुरुष, बायका, म्हातारे, कुणी हात वर ताणलेत, कुणी कमरेत वाकलंय, कुणी पक्ष्यासारखे हात पसरलेत. व्यायामाचा तक्ता! तोही एकवीसशे वर्षांहून जुना.

पण माझी एक शंका शिल्लक होती. यकृत, प्लीहा, मूत्रपिंड, जठर यांच्या वाटा पायांत. मग हातांच्या व्यायामाचा त्यांना काय उपयोग? मी हे मोबाइलमध्ये बोलले, मोबाइलनं मावशींना सांगितलं, आणि त्यांनी उत्तर न देता मला उभं केलं. पाय खांद्यांइतके लांब, गुडघे सैल. एक हात डोक्यावर, तळवा आकाशाकडे, बोटं आतल्या बाजूला वळलेली. दुसरा हात मांडीच्या शेजारी, तळवा जमिनीकडे. आणि मग दोन्ही तळवे एकाच वेळी ढकलायचे, एक वर, एक खाली, जणू दोन भिंतींच्या मध्ये सापडलोय आणि दोन्ही दूर सारतोय. अहो, बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात जी ओढ बसली! जिथे जठर आहे, जिथे प्लीहा आहे, नेमकी तिथे. ढकलत होते हात आणि ताणली जात होती कूस. मावशींनी माझ्या बरगडीखाली बोट टेकवलं आणि 'पी, वेइ' म्हणाल्या. प्लीहा आणि जठर. शंका फिटली.

ही क्रिया बादुआनजिन नावाच्या आठ क्रियांच्या मालिकेतली तिसरी. आठांपैकी बहुतेकींचा सूत्रधार हातच. पहिलीत दोन्ही हातांची बोटं गुंफून आकाश पेलायचं, सानजिआवच्या तिन्ही मजल्यांसाठी. दुसरीत धनुष्य ओढायचं, डावीकडे आणि उजवीकडे. बाण धरलेल्या हाताची बोटं आखडून घ्यायची आणि समोरच्या हाताची तर्जनी ताठ करायची. छाती अशी उघडते की फुफ्फुसांना मोकळं रान! सहावीत हात कमरेवरून, मांड्यांच्या मागून घासत पावलांपर्यंत न्यायचे, कंबर आणि मूत्रपिंडांसाठी. सातवीत घोड्यावर बसल्यासारखं उभं राहून मुठी आवळायच्या, डोळे वटारायचे आणि एकेक मूठ पुढे सारायची. या क्रियेत बागेतल्या सगळ्या शांत, हसऱ्या आज्या एकदम सेनापती दिसायला लागतात! चौथी, पाचवी आणि आठवी मान, कंबर आणि टाचांच्या आहेत. त्यांच्यावर मी अजून घाम गाळतेय.

बादुआनजिनचा उल्लेख सोंग काळातल्या होंग माईच्या कथासंग्रहात सापडतो. १११७ साली एक सरकारी अधिकारी मध्यरात्री उठून बसायचा, श्वास आणि मर्दनाचे प्रकार करायचा आणि त्याला बादुआनजिन म्हणायचा, असं त्यात आहे. नऊशे वर्षं! आपल्याकडे चालुक्यांचं राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. २००३मध्ये चीनच्या सरकारी क्रीडा खात्यानं चार जुन्या व्यायामप्रकारांचे ठरावीक पाठ तयार करून प्रसिद्ध केले, त्यांत हाही आहे. त्यामुळे आज शांघायपासून अमेरिकेपर्यंत बहुतेक जण सारखाच क्रम करतात, आणि घरबसल्या व्हिडिओ बघून शिकणाऱ्याची केवढी सोय झालीय.

सातव्या क्रियेतल्या त्या आवळलेल्या मुठी मला वेगळ्याच कारणासाठी आठवत राहतात. २०१५मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास छापून आला. १७ देश, त्यात भारतही आणि चीनही, जवळपास एक लाख चाळीस हजार माणसं. प्रत्येकाला एक यंत्र जोरात आवळायला लावलं आणि मुठीची ताकद मोजली, मग काही वर्षं त्यांच्या तब्येतीवर लक्ष ठेवलं. मुठीची ताकद ५ किलोनं कमी असली की मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. वरच्या रक्तदाबाच्या आकड्यापेक्षाही मुठीनं पुढचं भविष्य अधिक नीट सांगितलं! मुठी आवळल्यानं आयुष्य वाढतं असं या अभ्यासानं सिद्ध केलेलं नाही, कारण सशक्त शरीराची मूठही सशक्तच असते. पण मूठ ठरावीक वेळ आवळून धरायची आणि सोडायची, असा आठवड्यातून काही वेळा सराव केला तर रक्तदाब काहीसा उतरतो, हे स्वतंत्र चाचण्यांत दिसलंय. हात आणि हृदय यांचं काहीतरी गुळपीठ आहे, हे चिनी वैद्यांनी एका भाषेत सांगितलं, आता ते दुसऱ्या भाषेत ऐकू येऊ लागलंय. मेंदूचंही तेच. वाइल्डर पेनफिल्ड या कॅनडातल्या शल्यविशारदानं १९३०च्या दशकात मेंदूवरचा शरीराचा नकाशा मांडला, त्यात हात आणि बोटांना दिलेली जागा अख्ख्या पाठीला आणि पोटाला मिळून दिलेल्या जागेहून कितीतरी मोठी आहे. बोटं हलवली की मेंदूचा केवढा मुलूख जागा होत असेल!

आणि चीनशी आपलं नातं? ते तर सोलापुरातून निघतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. पाच डॉक्टर होते, त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही. कोटणीस परत आले नाहीत, ९ डिसेंबर १९४२ रोजी हबेइ प्रांतात तांग तालुक्यात त्यांनी देह ठेवला. शांतारामबापूंच्या चित्रपटामुळे ही कहाणी आपल्याला ठाऊक आहे. मला ठाऊक नव्हतं ते त्याच पथकातल्या डॉ. विजयकुमार बसूंचं. ते भारतात परतले, १९५८मध्ये पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९पासून कोलकात्यात त्यांनी त्या पद्धतीनं उपचार सुरू केले. भारतात ही विद्या रुजली ती तिथून. आणि आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, नोंदणी करणारी परिषद आहे. त्यामुळे नुसतं बोटांनी दाबून भागत नाही, सुईच हवी असं वाटलं, तर नोंदणी असलेल्या वैद्याकडेच जा, हे मी आवर्जून सांगते. आपटण्याच्या क्रियांबाबतही तसंच: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा सांधे सुजलेले असतील, तर ठोके टाळा, नुसतं चोळा, आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

आता मला ओढ लागलीय बाओडिंगची. कोटणीसांचा तो तांग तालुका याच बाओडिंगच्या हद्दीत येतो. आणि हातात फिरवायचे जगप्रसिद्ध चिनी गोळेही बाओडिंगचेच! मिंग काळापासूनचे. तिथले लोक गावाच्या तीन रत्नांत त्यांची गणना करतात, बाकीची दोन म्हणजे पिठाची आंबवलेली चटणी आणि एक लोणचं. मावशींची जोडी मी हातात घेतली तेव्हा दचकलेच, कारण आतून किणकिण आवाज आला. गोळे पोकळ असतात, आत नाद करणारी पट्टी, आणि एकाचा सूर उंच, दुसऱ्याचा खालचा. एका तळव्यात दोन्ही ठेवून बोटांनी गोल फिरवायचे. आधी एकमेकांना घासत, आणि हात बसला की एकमेकांना न शिवता. लाओगोंगवर सतत दाब, पाचही बोटांना काम, मनगट सैल. मावशी बोलता बोलता उजव्या हातानं सुलट आणि डाव्या हातानं उलट फिरवतात, आणि त्यांचं तिकडे लक्षही नसतं!

दुकानात गेलीस की चकचकीत नक्षी बघून भुलू नकोस, असं त्यांनी मला बजावलंय. आधी आपल्या तळव्यात मावतात का बघायचं, मग जोडी कानाशी धरून वाजवायची, आणि दोन्ही सूर स्वच्छ वेगळे ऐकू आले तरच पैसे द्यायचे. बहिणीनं फोनवरूनच स्वतःसाठी एक जोडी सांगून ठेवलीय, भिशीच्या मैत्रिणींची यादी वाढतेच आहे, आणि बॅगेत वजन किती चालतं ते लेकीनं आता बघायला घेतलंय.